नांगर न लावता हरणांसाठी पेरणी : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत : रानातल्या हरणांसाठी चारा पेरावा का, आणि पेरायचाच असेल तर माती न उलटता तो कसा पेरावा. अमेरिकेत यालाच ‘फूड प्लॉट’ म्हणतात आणि खाजगी जंगलजमीन बाळगणाऱ्यांमध्ये त्याची मोठी प्रथा आहे. तीन पत्रे तिकडे स्थायिक झालेल्या वाचकांची आहेत, चौथे चंद्रपूर जिल्ह्यातले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा आधार त्यातच आहे.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियाच्या मध्यभागात डोंगरउतारावर आमची अठरा एकर जंगलजमीन आहे. तीत साधारण वीस गुंठ्यांची एक मोकळी जागा आहे. पूर्वी तिथे गुरे चरत असत. आता गवत आणि काटेरी झुडपे माजली आहेत. पांढऱ्या शेपटीची हरणे तिथे रोज संध्याकाळी येतात. त्यांच्यासाठी चारा पेरावा असे आम्हा दोघांना वाटते, परंतु ट्रॅक्टर नाही आणि जमीन दगडाळ आहे. साताऱ्याहून आलेले माझे सासरे म्हणतात की, न नांगरता बी टाकणे म्हणजे पाखरांना दाणे टाकणे. हे जमेल का? आम्ही शिकार करत नाही, हेही सांगून ठेवते.

उत्तर : जमेल. किंबहुना आपण वर्णन केलेल्या जमिनीवर नांगर न लावणेच योग्य ठरेल. तरीही आपल्या सासऱ्यांची शंका झटकून टाकण्यासारखी नाही. नांगरटीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे : तिने तण गाडले जाते, माती मोकळी होते आणि बियाला ओल लागते. नांगर बाजूला ठेवायचा तर ही तिन्ही कामे दुसऱ्या मार्गांनी करून घ्यावी लागतात. ज्यांची विनानांगरणी पेरणी फसते, त्यांनी बहुतेक वेळा यांपैकी एखादे काम करायचेच सोडून दिलेले असते.

उताराच्या, पातळ थराच्या जमिनीवर नांगरलेली माती पहिल्याच जोरदार सरीत ओढ्याला लागते. शिवाय जुन्या कुरणाच्या मातीत कित्येक वर्षांचे तणाचे बी पडून असते; ते खोलवर आहे तोवर उगवत नाही, आणि नांगराने वर आणले की उजेड मिळताच तरारून येते. अमेरिकेने उघड्या मातीची किंमत १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांत मोजली आणि १९३५ मध्ये मृदसंधारणासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा उभी केली. पुढे १९६२ मध्ये केंटकी राज्यातल्या हर्नडन येथे हॅरी यंग या शेतकऱ्याने नांगर न लावता व्यापारी पीक घेतले, आणि तिकडच्या शून्य मशागतीच्या शेतीची सुरुवात सहसा तिथूनच मोजली जाते. सासऱ्यांना मात्र केंटकीपेक्षा रायगड जिल्ह्याचे उदाहरण अधिक पटेल. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात, म्हणजे एसआरटी पद्धतीत, गादीवाफे एकदाच केले जातात. नंतर नांगरणी नाही, चिखलणी नाही, आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू दिली जातात आणि त्याच वाफ्यांवर पुढचे पीक टोकले जाते. भातासारख्या पिकात हे साधते, तर चाऱ्याच्या पिकात न साधण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले काम बी आणण्याचे नसून माती तपासण्याचे आहे. पेन स्टेट विद्यापीठाची माती तपासणी प्रयोगशाळा टपालाने नमुने घेते, आणि नमुन्याच्या पिशव्या आपल्या परगण्यातल्या विस्तार कार्यालयात मिळतात. आठ-दहा ठिकाणची वरच्या थरातली माती एकत्र करून एकच नमुना पाठवावा. डोंगरातल्या जंगलाखालच्या जमिनी तिथे बहुधा आम्ल असतात, सामू, म्हणजे मातीच्या आम्लतेचे माप (पीएच), ५.५ किंवा त्याहून कमी आला तर आश्चर्य वाटू देऊ नये. पांढरा क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाला सामू ६ ते ७ च्या दरम्यान हवा असतो, त्याखाली त्याच्या मुळांवरच्या, हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी नीट काम करत नाहीत. सामू वाढवण्यासाठी चुना लागतो, आणि नांगरणार नसल्यामुळे तो वरूनच पसरावा लागेल. वरून पसरलेला चुना फार सावकाश खाली उतरतो, वर्षाकाठी जेमतेम इंचभर; म्हणून चुना पेरणीच्या किमान सहा महिने आधी पडावा आणि अहवालात जास्त मात्रा सांगितली असेल तर ती दोन हप्त्यांत विभागून द्यावी. दाणेदार केलेला चुना हाताने फिरवायच्या बी-फेक यंत्रानेही पसरता येतो. माझ्या मते या कामात सर्वाधिक दुर्लक्ष चुन्याकडे होते. महागडे बी आणि भारी खत आम्ल जमिनीत टाकून लोक निराश होतात, आणि दोष मात्र न नांगरण्याला देतात.

दुसरे काम उभ्या झाडोऱ्याचे. आपली काटेरी झुडपे बहुधा बहुपुष्पी गुलाबाची असावीत. गंमत नव्हे, तर खेदाची गोष्ट ही की, १९३० च्या दशकात मृदसंधारणाच्या आणि वन्यजीवांना आसरा देण्याच्या हेतूने सरकारी यंत्रणेनेच हा आशियाई गुलाब लावायला प्रोत्साहन दिले होते, आणि आज पेनसिल्व्हेनियात तो उपद्रवी तण म्हणून जाहीर झालेला आहे. वन्यजीवांसाठी काहीही लावताना हा इतिहास लक्षात ठेवावा. झुडपे उन्हाळ्यात बुडापासून छाटून त्यांच्या खुंटांवर तणनाशक लावले तर ती मरतात. नुसती छाटली तर दुप्पट फुटतात.

गवताच्या दाट गादीचा प्रश्न अधिक कठीण आहे. जुलैच्या अखेरीस ते कापून काढावे, वीतभर कोवळी फूट येऊ द्यावी आणि त्या फुटीवर ग्लायफोसेटची एक फवारणी करावी, हा तिकडचा रूढ मार्ग आहे. हे रसायन वादग्रस्त आहे, हे आपल्यापासून लपवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मत तसे नाही. आणि भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीड-नियंत्रकांपुरता मर्यादित केला. पहिल्या वर्षी एकदाच, हातमोजे आणि लांब बाह्यांचे कपडे घालून, वारा पडलेल्या सकाळी, ओढ्यापासून दूर वापर करण्यास माझी हरकत नाही. दरवर्षीची सवय मात्र लावून घेऊ नये. रसायन नकोच असेल तर वीस गुंठ्यांचा हट्ट सोडून चार-पाच गुंठ्यांवर काळी जाड ताडपत्री भर उन्हाळ्यात सहा ते आठ आठवडे अंथरावी. तिच्याखाली उजेडाअभावी गवत मरते. पुढच्या वर्षी ताडपत्री शेजारच्या तुकड्यावर सरकवावी. काम सावकाश होईल, पण होईल.

पेरणीची घात ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत असते. पहिल्या वर्षी दोनच गोष्टी पेराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन : राय हे थंडीत टिकणारे, गव्हासारखे धान्य, आणि पांढरा क्लोव्हर, जो आपल्याकडच्या बरसीमच्याच कुळातला आहे. वरवर फेकूनही हमखास उगवणारे, आम्ल आणि हलक्या जमिनीतही तग धरणारे रायसारखे दुसरे धान्य क्वचितच सापडेल. दुकानात ‘रायग्रास’ नावाचे गवत मिळते ते वेगळे आहे. ते घेऊ नये, कारण ते एकदा शिरले की हटत नाही. आपल्या वीस गुंठ्यांना राय पंचवीस किलोच्या आसपास आणि पांढरा क्लोव्हर दीड किलो पुरेल. क्लोव्हरच्या बियाला त्याच्याच जातीचे रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी तयार करणारे, जिवाणू संवर्धक चोळलेले असावे. बहुतेक बी तसे चोळूनच विकले जाते, पण पिशवीवर खात्री करून घ्यावी. मका, सोयाबीन, वाटाणा यांसारखे मोठे दाणे वरून फेकण्याच्या कामाचे नाहीत. त्यांना मातीखाली जावेच लागते. वर राहिले तर सासऱ्यांची भविष्यवाणी खरी ठरेल.

क्लोव्हरचे बी इतके बारीक असते की ते एकट्याने समान फेकले जात नाही. आपल्याकडे तीळ किंवा राळा पेरताना त्यात बारीक वाळू मिसळतात, तसेच इथेही करावे. अर्धे बी उताराच्या दिशेने चालत आणि उरलेले अर्धे आडव्या दिशेने चालत फोकावे, म्हणजे मध्ये रिकाम्या पट्ट्या राहत नाहीत. फवारणीने वाळलेले गवत या वेळी उभेच असू द्यावे. आधी त्या उभ्या गवतात बी फेकायचे आणि मगच ते गवत कापून किंवा रोलर फिरवून बियावर आडवे करायचे, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आडवे झालेले गवत हेच बियाचे पांघरूण. ते ओल धरते, पाखरांपासून बी लपवते आणि सरींचा मार झेलते. ते किती जाड असावे याची परीक्षा सोपी आहे. चार-पाच ठिकाणी पालापाचोळ्यात वरून बोट घालून पाहावे : पहिल्या पेरापर्यंत बोट जाताच ओलसर माती लागली तर ठीक, दुसऱ्या पेरापर्यंत नुसता काडीकचराच लागत असेल तर बी मातीला टेकणारच नाही, आणि तिथला पाला दाताळ्याने ओढून पातळ करावा. हे सारे पाऊस अपेक्षित असलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी आटोपावे.

राय आठवड्याभरात हिरवे होते आणि पुढे बर्फ पडेपर्यंत हरणे ते खात राहतात. क्लोव्हर त्याच्या सावलीत हळूहळू मूळ धरतो. जिथे विरळ राहील तिथे फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंत पुन्हा बी फेकता येते, आणि मला हा भाग संपूर्ण पद्धतीतला सर्वांत सुंदर वाटतो. रात्री जमीन गोठते तेव्हा ओल्या मातीचा वरचा थर बर्फाच्या सुयांवर उचलला जातो आणि त्यात करंगळीच्या नखाएवढ्या फटी पडतात. पहाटे, जमीन कडक असताना, त्यावरून चालत बी फेकावे. ते फटींत घरंगळते. दुपारी ऊन लागून माती विरघळली की फट मिटते आणि बी सहा-सात मिलिमीटर खोलीवर, म्हणजे क्लोव्हरला हवे तितक्याच खोलीवर, गाडले जाते. जे काम आपण कुळव आणि फळी फिरवून करतो, ते इथे थंडीच करून टाकते. मात्र त्यासाठी माती उघडी दिसायला हवी; गवताच्या गादीवर किंवा साचलेल्या बर्फावर बी फेकले तर ते वाया जाते.

मेअखेर राय छातीएवढे वाढेल आणि निसवेल. त्याची फुले परागकण सोडू लागली किंवा दाणा चिकात आला की रोलरने, अथवा दोरी बांधलेली जड फळी पायाने दाबत नेऊन, ते आडवे करून मोडावे. याआधी मोडले तर ते पुन्हा उभे राहते. मोडलेल्या रायचे आच्छादन उन्हाळी तणांना दाबून धरते आणि त्यातून क्लोव्हर वर येतो. क्लोव्हर हवेतला नत्र स्वतःच मिळवतो, म्हणून त्याला युरिया देऊ नये. दिल्यास गवतच पोसले जाईल. सप्टेंबरमध्ये क्लोव्हरवरच पुन्हा राय फेकावे. हे चक्र तीन-चार वर्षे चालू राहिले की वरच्या थरातला सेंद्रिय कर्ब वाढू लागतो, आणि तणनाशकाची गरज सहसा कमी होत जाते.

हरणे किती खातात हे डोळ्यांनी कळावे म्हणून पेरणीच्याच दिवशी तारेच्या जाळीचे, चार फूट उंच आणि तेवढ्याच व्यासाचे एक कडे जमिनीत रोवून ठेवावे. हिवाळ्याच्या तोंडाशी कड्यातले राय गुडघ्याएवढे आणि बाहेरचे जमिनीलगत कातरलेले दिसले, तर पीक फसलेले नाही, हरणे जास्त आहेत, असा अर्थ होतो. जागा निवडताना आणखी दोन पथ्ये पाळावीत. रस्त्यालगत पेरू नये, कारण संध्याकाळी चारा खायला येणारे हरीण गाडीखाली सापडते. घराला लागूनही पेरू नये, कारण हरणांच्या अंगावर गोचिडी असतात आणि गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या लाइम रोगाच्या नोंदींमध्ये पेनसिल्व्हेनिया वरच्या राज्यांत आहे. त्या जागेतून आल्यावर पोटऱ्या, गुडघ्यामागचा भाग आणि केसांची मुळे तपासायची सवय सर्वांनीच लावून घ्यावी.

आता एक गोष्ट जी आपण विचारलेली नाही, पण सांगणे मला आवश्यक वाटते. वीस गुंठ्यांतला चारा हा हरणांच्या वर्षभराच्या अन्नाचा अगदी लहान हिस्सा आहे. त्यांचे खरे अन्न उरलेल्या साडेसतरा एकरांत आहे : कोवळ्या फांद्यांचे शेंडे, रानफुलांची पाने, ब्लॅकबेरीची झुडपे आणि शरद ऋतूत पडणारी ओकची फळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकारीने पेनसिल्व्हेनियातील हरणे जवळजवळ संपली होती, इतकी की १९०६ मध्ये मिशिगनहून हरणे विकत आणून सोडावी लागली. लांडगे आणि प्यूमा त्याआधीच नामशेष झाले होते. भक्षकच नसलेल्या रानात हरणे वाढली, आणि आज त्या राज्यातल्या अनेक जंगलांत ओकचे रोपटे गुडघ्याच्या वर येऊ शकत नाही. खाली नुसते नेचे पसरलेले दिसतात, कारण हरणे नेचे खात नाहीत. अशा ठिकाणी केवळ चारा वाढवला तर हरणे वाढतात आणि जंगल आणखी झिजते. म्हणून पेरणीइतकेच श्रम रानावर खर्च करावेत : काही निरुपयोगी झाडे काढून जमिनीपर्यंत ऊन पोहोचू द्यावे आणि ओकच्या निवडक रोपांना जाळीचे कडे करावे. आपण शिकार करत नाही, ही आपली निवड आहे आणि तिचा आदर आहे. परंतु परवानाधारक शेजाऱ्याला हंगामात माद्यांच्या शिकारीची परवानगी देणे हे त्या भूमीवर हरणांच्याही हिताचे ठरू शकते, याचा घरात बसून शांतपणे विचार करावा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मे महिन्यात दुकानातून हरणांसाठीचे मिश्र बियाणे आणून घरामागच्या रानातल्या मोकळ्या जागेत न नांगरता फेकले. सुरुवातीला थोडे उगवले, जूनअखेर सगळे गवतात हरवले. पुन्हा तेच बियाणे टाकावे का?

उत्तर : तेच टाकू नये, आणि मे महिन्यात तर मुळीच टाकू नये. त्या काळात उन्हाळी तणे सर्वांत जोमात असतात आणि बारीक बियाचे रोप त्यांच्याखाली गुदमरते. शरदातल्या पेरणीत तणांचा जोर ओसरत असतो, ओल टिकते आणि थंडीची पिके मोकळी वाढतात.

पिशवीवरच्या मोठ्या शिंगांच्या नराकडे न पाहता मागची चिठ्ठी वाचावी. कोणत्या जातीचे बी किती टक्के, उगवणशक्ती किती, तपासणी कधी झाली आणि तणाचे बी किती, हे तिच्यावर छापणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. स्वस्त मिश्रणांत रायग्रासचा वाटा बराच असतो, आणि जाडजूड दाण्यांनी पिशवी जड झालेली असते. पांढऱ्या क्लोव्हरच्या एका किलोत पंधरा लाखांहून अधिक बिया असतात. त्यांना आणि वाटाण्याच्या दाण्याला एकच खोली, एकच हंगाम मानवणार नाही. वेगवेगळे, साधे बी घेऊन आपण स्वतः मिसळणे केव्हाही चांगले.

मात्र जागा सोडून देण्यापूर्वी गुडघे टेकून गवत बाजूला सारावे आणि बुडाशी पाहावे. हातभर अंतरात क्लोव्हरची चार-पाच तिपानी रोपे दिसली तर पीक मेलेले नाही. गवत जमिनीपासून वीतभर उंचीवर कापत राहावे, म्हणजे पाते क्लोव्हरच्या वरून जाईल आणि त्याला ऊन मिळेल. फुलोऱ्यावर आलेले तण बी धरण्याआधी कापणे एवढे जरी सांभाळले, तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये वर सांगितल्याप्रमाणे गोठलेल्या जमिनीवर बी फेकून उरलेली जागा भरता येईल.

प्रश्न : मिशिगनमध्ये यंदा बर्फ फार आहे आणि हरणे खंगलेली दिसतात. पेरणीचा हंगाम तर गेला. मक्याचे दाणे टाकले तर चालतील का?

उत्तर : कृपया टाकू नका. हरीण रवंथ करणारे जनावर आहे, आणि हिवाळ्यात त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव काड्या आणि कळ्या पचवण्याच्या घडीला बसलेले असतात. अशा पोटात एकाएकी पिठूळ मका गेला की आम्ल वाढते आणि भरल्या पोटाचे हरीण दोन-तीन दिवसांत मरू शकते. गुरांनी उघड्या पोत्यातले धान्य भरमसाट खाल्ल्यावर काय होते, हे ज्यांनी गोठ्यात पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. एका ढिगावर अनेक हरणे तोंडाला तोंड लावून खातात तेव्हा लाळेतून रोग पसरतो. हरणांना खंगवून मारणारा प्रायॉनजन्य, म्हणजे विकृत प्रथिनांमुळे होणारा, रोग, ज्याला तिकडे सीडब्ल्यूडी म्हणतात, १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रात प्रथम लक्षात आला आणि आज तो अमेरिकेच्या अनेक राज्यांत आहे. त्यावर इलाज नाही, लस नाही, आणि त्याचे प्रायॉन मातीत वर्षानुवर्षे टिकतात. मिशिगनच्या मोकळ्या रानात तो २०१५ मध्ये आढळला, आणि राज्याच्या खालच्या द्वीपकल्पात २०१९ पासून हरणांना खाऊ घालण्यावर बंदी घालण्यात आली. चालू नियम राज्याच्या नैसर्गिक संपदा विभागाकडून समजून घ्यावेत. पसरून उगवलेल्या पिकावर हरणे विखरून चरतात, म्हणून ढिगापेक्षा तो मार्ग बरा; पण संसर्ग तिथेही शून्य होत नाही.

आज करण्यासारखे एकच काम आहे. आपल्या मालकीच्या रानात मेपलची दोन-चार झाडे कापून त्यांचे शेंडे जमिनीवर पडू द्यावेत. त्या कळ्या आणि कोवळ्या फांद्या हेच हरणांचे हिवाळी अन्न आहे, आणि त्यांची पोटे ते पचवायला तयार आहेत.

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या बफर क्षेत्राला लागून माझी शेती आहे. चितळ आणि रोही (नीलगायी) हरभरा, सोयाबीन फस्त करतात. अमेरिकेतल्या फूड प्लॉटसारखा काठावरच्या पडीक दोन एकरांत त्यांच्यासाठी चारा पेरला, तर बाकीचे पीक वाचेल का? शिवाय पाहुण्यांनाही हरणे दाखवता येतील.

उत्तर : वाचणार नाही, आणि हा प्रयोग करू नये असे मी स्पष्टपणे सांगतो. तिकडच्या रानात वाघ-बिबटे नाहीत, आपल्याकडे आहेत. चितळांचा कळप जिथे रोज उतरेल तिथे मागोमाग वाघ येईल, आणि त्याच बांधावरून आपली आणि शेजाऱ्यांची माणसे पहाटे पाणी द्यायला, उन्हाळ्यात मोहफुले वेचायला जातात. पडीकातला चारा संपला की वाढलेला कळप हरभऱ्यात शिरणारच. त्याला बांध कळत नाही. रानडुकरांना आमंत्रण मिळेल ते वेगळेच. गुरे आणि हरणे एकाच जागी चरू लागली तर लाळ्या-खुरकुतासारखे रोगही इकडून तिकडे जातात.

चितळांसाठी कुरण हवेच आहे, पण ते जंगलाच्या आत, आणि ते वन विभागाचे काम आहे. मध्य प्रदेशातल्या कान्हात १९७० मध्ये बारशिंगे अवघी ६६ उरली होती. तिथली वनगावे बाहेर गेल्यावर त्यांच्या शेतांवर उंच गवताची कुरणे उभी राहिली, आणि बारशिंगा सावरला त्यात या कुरणांचा मोठा वाटा आहे. ताडोबा आणि मेळघाटातही उठून गेलेल्या गावांच्या शेतांवर अशी कुरणे राखली जातात. तिथेही जमीन उलटून उपयोग होत नाही, कारण जुन्या शेतात तरोटा या तणाचे बी खच्चून भरलेले असते आणि नांगर लागला की तरोटाच माजतो. तो शेंगा धरण्याआधी, श्रावण-भाद्रपदात, मुळासकट उपटावा लागतो, आणि पावसाच्या तोंडावर जवळपासच्याच रानातले पवन्या, मारवेल, डोंगरी गवताचे बी फोकावे लागते. सलग काही वर्षे हे झाले तर बहुवर्षायू गवताचे ठोंब जागा धरतात.

आपल्या दोन एकर पडीकाचा मात्र एक चांगला उपयोग आहे. त्यात आपल्या गुरांसाठी मारवेल लावावे. नांगरायची गरज नाही : तरोटा आणि रानतुळस उपटून घ्यावी, आणि मृगाचा पाऊस लागून चांगला वाफसा आला की हातभर अंतरावर कुदळीने खड्डे घेऊन मुळ्यांसकट काढलेली ठोंबे लावावीत. पहिल्या पावसाळ्यात गुरे आत सोडू नयेत. दुसऱ्या वर्षापासून कापून गोठ्यात घालावे. आपली गुरे जितकी कमी जंगलात जातील तितके तिथले गवत चितळांना राहील आणि गुराख्यांचा जीवही धोक्यातून वाचेल. उभ्या पिकासाठी सौर कुंपण एकट्याने न घालता शेजारच्या चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून सलग घालावे, म्हणजे कळप एका शेतातून हटून दुसऱ्यात घुसत नाही, त्यासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेची चौकशी आपल्या गावच्या समितीमार्फत वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. घरगुती विजेचा प्रवाह तारेत सोडण्याचा विचारही मनात आणू नये. त्याने वन्यप्राणी मरतात, माणसे मरतात आणि तो गुन्हा आहे. पीक खाल्ले गेले तर त्याच दिवशी छायाचित्रे काढून भरपाईचा अर्ज मुदतीत दाखल करावा, आणि पंचनामा होईपर्यंत खाल्लेली रोपे काढून टाकू नयेत.